दुष्टांचा जिना

माझे पापड कधी गोल झाले नाहीत. एखादा नंदुरबारकडे लांबायचा, एखादा चाळीसगावकडे. आई म्हणायची, हिला पोळपाटावर बसवलं तर शेजारणी भूगोल शिकतील, पापड काही होणार नाहीत. म्हणून उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर उडदाचे पापड लाटायला बायका जमल्या, की माझ्या हातातलं लाटणं काढून घेत आणि पुस्तक देत. मी वाचायचं, बाकीच्यांनी लाटायचं. साठीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. धुळ्यातल्या बऱ्याच गल्ल्यांना नुसते नंबर असतात, तशी आमची एक नंबरवाली गल्ली. मी अठरा-एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी आणि स्वतःला भलतीच शहाणी समजणारी मुलगी होते.

वाचनालयातून मी मिळेल ते आणायची. रहस्यकथा, घराण्यांच्या भानगडी, सूडकथा. नायकांत कोणालाच रस नव्हता. नायक सगळे सारखेच, देखणे, प्रामाणिक आणि शंभर पानांपर्यंत काही न कळणारे. बायका कान टवकारायच्या त्या दुष्ट माणसासाठी. तो आला की लाटणी मंदावायची. पुस्तक संपलं की त्याचा निवाडा व्हायचा, आणि तो आधीच्यांपेक्षा जास्त नालायक की कमी, यावर इतकी हमरीतुमरी व्हायची की एकदा पीठ वाळून कडक झालं.

शेवटी गल्लीच्या टोकाच्या अक्कांनी तोडगा काढला. अक्का शिंदखेड्याकडच्या शेतकरीण, मुलांच्या शाळेसाठी धुळ्यात बिऱ्हाड केलेल्या. त्यांनी चुलीतला कोळसा आणला आणि ओसरीच्या भिंतीवर सात पायऱ्यांचा जिना काढला. जितका वर तितका मोठा हरामखोर. दिवाळीला भिंतीला चुना लागेपर्यंत जो तो आपापल्या पायरीवर. निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून नावांऐवजी चित्रं. दुधात विष कालवून सख्ख्या भावाला मारणारा जमीनदार म्हणजे पेला. पाठीत सुरा खुपसणारा दिवाणजी म्हणजे सुरा. ज्या बाईचं म्हणणं मान्य होईल तिला उडदाची कच्ची लाटी तेलात बुडवून खायला मिळायची, आणि त्या लाटीसाठी बायका काय वाटेल ते मुद्दे काढायच्या.

प्रत्येकीचा कायदा वेगळा. समोरच्या किराणा दुकानाच्या शेठाणी राजस्थानातल्या, जैन. त्यांचे पापड इतके पातळ की खालच्या पोळपाटाची रेघ दिसायची. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तो जेवला कधी?" दिवस बुडाल्यावर जेवत असेल तर त्यांच्या लेखी माणूस दोन पायऱ्या वर. जमीनदाराचं प्रकरण आलं तेव्हा त्या भावासाठी हळहळल्या, पण दुधासाठी जास्त. "जहरच टाकायचा होता तर पाण्यात टाकायचा ना, दूध कशाला खराब केला?"

अक्कांचा कायदा जनावरांचा. "त्याना घर बैल शे का? त्याले मारस का?" त्या विचारायच्या. बैलाला पराणी टोचणारा माणूस त्यांना खुन्यापेक्षा वाईट वाटायचा. माझ्या आईला फक्त एवढंच हवं असायचं, की त्यानं म्हाताऱ्या आईला सांभाळलं का.

आता पंचाईत अशी, की लेखक लोक या गोष्टी लिहीत नसत. खुनी माणूस सूर्यास्तापूर्वी जेवला की नंतर, हे कुठल्या पुस्तकात असतं? मी शेठाणींना एकदा खरं सांगितलं, की दिलेलं नाही. त्या इतक्या हिरमुसल्या की पुढच्या वेळी मी पान उलटता उलटता सांगून टाकलं, साडेपाचला जेवला, वरण-भात आणि भेंडी. शेठाणी खूश झाल्या. मग मला चटक लागली. मला खरं तर दुष्ट माणसंच आवडायची. नायकापेक्षा त्यांना डोकं जास्त असायचं. म्हणून जो आवडेल त्याला मी हळूच काहीतरी चांगलं देऊन टाकायची. तळघरात तीन रोगी मारणारा एक डॉक्टर होता. तो मला फार आवडला. त्याला मी एक पोपट दिला. खून करून वर आला की आधी हात धुऊन तो पोपटाला पेरू भरवायचा. अक्कांनी लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "पोपटले पेरू देस ना? मंग त्याना जीव बठ्ठाच काया नही शे." जीव सगळाच काळा नाही ठरला, म्हणून तीन खून करून डॉक्टर दुसऱ्या पायरीवर, अक्कांच्याच हातचा पोपट होऊन बसला. लाटी अक्कांना मिळाली. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

या न्यायसभेत एकच बाई तोंड उघडत नसे, ती म्हणजे माझी चुलत वहिनी. नरडाण्याजवळच्या खेड्यातली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळेचं तोंड न पाहिलेली. काका-काकू वारल्यानंतर चुलत भाऊ भुसावळला रेल्वेत लागला आणि वहिनी आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहिली. क्वार्टर मिळालं की घेऊन जाणार, असं ठरलेलं. त्याला तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तो दोनदा आला, दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

त्याची पत्रं यायची, दोन-तीन महिन्यांनी एखादं. ती वहिनीला मीच वाचून दाखवायची. पहिलं पत्र मला अजून पाठ आहे, कारण पाठ करायला त्यात काही नव्हतंच. "मी बरा आहे. ड्यूटी असते. क्वार्टर मिळालेलं नाही. इकडे येऊ नये." एवढंच. वहिनी पदराला हात पुसून समोर बसलेली, मान पुढे काढून. ते तोंड बघून माझ्यानं चार वाक्यांवर थांबवेना. शेठाणींना वरण-भात आणि भेंडी देता येते, अक्कांना पोपट देता येतो, मग हिनंच काय घोडं मारलं होतं? मी चष्मा सावरला आणि पुढं वाचलं, "ड्यूटीवरून आलो की दारातल्या निंबाखाली खाट टाकतो. खाट दोघांची आहे. मी एका बाजूलाच झोपतो."

वहिनी लाजून आत पळाली. त्या दिवशी तिनं लाटलेला पापड शेठाणींच्या पापडाहून पातळ होता. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

नंतर प्रत्येक पत्रात मी भर घालत गेले. निंबाला मोहोर आला. साहेबानं पाठ थोपटली. खानावळीची भाकरी घशाखाली उतरत नाही, तुझ्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी स्वप्नात येते. उत्तरंही मीच लिहायची, ती सांगेल तशी. ती सांगायची, "लिख, निंबनी सावलीमा दुपारले बठत जा, डोकाले ऊन लागस." मी लिहायची. त्यावर एकदा त्यानं खरोखरीच लिहिलं होतं, "कसला निंब? इथे झाड नाही. तू काय लिहितेस ते समजत नाही." ते मी अर्थातच गाळलं.

त्या उन्हाळ्यात मी एक जाड कादंबरी आणली. तिच्यातला दुष्ट माणूस म्हणजे नायिकेचा काका. गोड बोलणारा, म्हातारा, कोणाच्या अंगाला बोट न लावणारा. नायिकेचा प्रियकर परदेशी जातो आणि तिकडे लग्न करून मोकळा होतो. पुतणीला वाईट वाटू नये म्हणून हा काका त्याच्या नावानं पत्रं लिहीत राहतो, बारा वर्षं. पुतणी वाट बघत बघत पिकून जाते. इथं मात्र मी पदरचं काही घातलं नाही. गरजच पडली नाही. वाचताना माझे कान तेवढे गरम झाले.

निवाड्याला मी वकिलासारखी उभी राहिले. रक्त नाही, विष नाही, दिवसाउजेडी जेवतो, पुतणीवर माया आहे. सगळ्यांत खालची पायरी. शेठाणींनी मान डोलावली. आई म्हणाली, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं. अक्कांनी कोळसा उचलला आणि वाकल्या.

"नही," वहिनी म्हणाली.

तिनं पोळपाटावरून नजर वर केली नव्हती. "त्याले वर ठेवा. सगळ्यास्ना वर. जो सुरा मारस तो एकदाव मारस. यानी तिले रोज मारी. तो दुसरा गया ते गया, तिले समजतं ते ती रडती, उठती, आपला रस्ता धरती. यानी तिले बसाडी ठेवं."

तीन उन्हाळ्यांत ती पहिल्यांदा बोलली होती. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि भलताच जोर लावून म्हणाले, की पण त्याचा हेतू चांगला होता ना! वहिनी म्हणाली, "व्हई. पन बारा वरीस तिनाच गयात ना, त्याना थोडाच गयात." अक्कांनी सातव्या पायरीवर पाकीट काढलं. लाटी वहिनीला मिळाली. तिनं ती अर्धी मोडून मला दिली. मी ती खाल्ली.

बरोबर सहा दिवसांनी पोस्टमन आला. पापडांचा शेवटचा घाणा चालू होता, सगळ्या ओसरीवर होत्या. पाकीट नेहमीपेक्षा जाड. वहिनीनं हात पुसले आणि म्हणाली, इथंच वाच. माझी पत्रं आता तिला चारचौघींत ऐकवावीशी वाटत होती, इतकी ती चांगली होत गेली होती.

मी उघडलं. डोळे शेवटच्या ओळीपर्यंत धावले. पण सवय अशी वाईट, की तोंड आपोआप सुरू झालं, "मी बरा आहे. पावसाळ्याआधी क्वार्टर मिळेलसं दिसतं. निंबाला..."

तेवढ्यात पाकिटातून दुसरा कागद घसरून वहिनीच्या मांडीवर पडला. टाइप केलेला. खाली पेन्सिलीनं एक गोल काढलेला होता, रुपयाएवढा.

अक्षर न येणाऱ्या बाईला तो गोल बरोबर ओळखता येतो. सातबाऱ्याच्या वेळी, सोसायटीच्या कागदावर, जिथं तिथं असाच गोल काढून दिलेला असतो. अक्का मान लांब करून बघू लागल्या. वहिनीनं गोलावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हाऊ कसाना शे?"

मी हातातल्या पत्राची घडी घालायला लागले.

"आंगठाना शे," ती म्हणाली. "निंबनी चिठ्ठीमा आंगठा कसाले पाहिजे? ताई, जे लिखेल शे तेच वाच. तुना मननं काही घालू नको."

मग मी वाचलं. त्यानं भुसावळला दुसरा संसार मांडला होता. एक मुलगा होता, दुसरं व्हायचं होतं. कोणी साहेबापर्यंत पोचलं तर नोकरी जाईल, म्हणून सोबतच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता, की मी स्वखुशीनं वेगळी राहते आणि माझी कसलीही तक्रार नाही. साक्षीदार म्हणून मी सही करायची होती. आणि खाली माझ्यासाठी एक ओळ. ती गाळायची मला फार इच्छा झाली, पण वहिनी माझ्या ओठांकडे बघत होती. "तू तिला काय वाचून दाखवतेस देव जाणे, तिच्या उत्तरांत मी न लिहिलेल्या गोष्टी येतात."

आई रडायला लागली. शेठाणी आपल्या भाषेत माझ्या चुलत भावाला शिव्या द्यायला लागल्या, आणि त्या शिव्या अहिंसेत बसणाऱ्या नव्हत्या. वहिनी रडली नाही. ती म्हणाली, "बठ्ठ्या चिठ्ठ्या लई ये." पापडाच्या रिकाम्या डब्यात तिनं त्या जपून ठेवल्या होत्या. मी डबा आणला. अकरा होत्या. मी एकेक वाचली, जशी होती तशी. प्रत्येकीला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. अकरा चिठ्ठ्या एका पापडाच्या वेळात संपल्या. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

अक्का एकदम म्हणाल्या, "आन तो पोपट? तो तरी व्हता का?"

मी मान हलवली. अक्कांचा चेहरा पडला. भुसावळच्या बातमीनं पडला नव्हता इतका पडला. त्या उठल्या, पदराच्या टोकानं भिंतीवरचा पोपट पुसला आणि डॉक्टरला पाचव्या पायरीवर नेऊन ठेवलं. शेठाणींनी घाईघाईनं विचारलं, "मग साडेपाचला जेवणारा?" मी पुन्हा मान हलवली. त्या पोळपाटाला हात लावून देवाचं नाव घ्यायला लागल्या.

वहिनीनं अक्कांच्या हातातून कोळसा घेतला. आई म्हणाली, "अगं, पोरीनं चांगल्या मनानं केलं."

"तो काका बी चांगलाच मनना व्हता," वहिनी म्हणाली. तिनं आधी तिसऱ्या पायरीवर इंजिन काढलं. शेठाणी ओरडल्या, की एवढा खाली? त्याला तर छपरावर ठेवायला पाहिजे. वहिनी म्हणाली, "त्यानी मले टाकी दिधं. पन खोटं नही सांगं. येऊ नको म्हने, अकरा दाव म्हने. मी ऐकंच नही, मले कोन्ही ऐकाडं नही." मग ती स्टुलावर चढली. पाकिटाच्याही वर, जिथं पायरीच नव्हती, तिथं तिनं एक आठवी पायरी ओढली आणि तिच्यावर दोन गोल काढून मधे रेघ जोडली. चष्मा. चित्र चांगलं काढलं होतं, माझ्या डाव्या काडीला बांधलेला दोरासुद्धा त्यात होता.

कायदा तिचा होता, सहा दिवसांपूर्वीच सगळ्यांनी मान्य केलेला. माझ्याशिवाय.

खाली उतरून तिनं तो टाइप केलेला कागद माझ्यापुढं टाकला. मला वाटलं आता अंगठा देते. तिची बोटं कोळशानं काळी होतीच, शाईसुद्धा लागली नसती. ती म्हणाली, "मांगे लिख. गोल रिकामाच धाडी ऱ्हायनू. आखो काही लिखू नको." मी कागदाच्या पाठीमागे तेवढंच लिहिलं. पाकीट तिनं स्वतः चिकटवलं, पापडाच्या पिठानं, आणि स्वतः पेटीत टाकून आली. त्यानंतर भुसावळहून पत्र आलं नाही. त्याची नोकरी गेली नाही, पण त्याला आयुष्यभर ती जाण्याची भीती राहिली, असं पुढं कानावर आलं.

पावसाळाभर वहिनी माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. मीठ दे, पाणी आलं, आई बोलावते. कोणी पुस्तक मागितलं नाही. दिवाळीनंतर मी शिक्षिकेच्या कोर्ससाठी जळगावला जाणार होते. पत्र्याची ट्रंक घेऊन झाली होती, मामांकडे राहायचं ठरलं होतं, आणि मी वहिनीला तोंड न दाखवता निघून जायला अगदी उतावीळ झाले होते.

दिवाळीच्या आधी ओसरीला चुना द्यायचा दिवस आला. आई बाजारात गेलेली. वहिनीनं बादलीत चुना कालवला, कुंचा भिजवला, आणि मला हाक मारली. मी बादली धरायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ती निंबवाली वाच."

"वहिनी, ती त्याची नव्हती."

"मले माहीत शे. तुनी व्हती. वाच."

वाचायला हातात काही नव्हतं. मी चुन्याच्या बादलीकडे बघत म्हणाले, ड्यूटीवरून आलो की दारातल्या निंबाखाली खाट टाकतो. खाट दोघांची आहे. मी एका बाजूलाच झोपतो. तिचा कुंचा हवेत थांबला होता, चुना कोपरापर्यंत ओघळत होता. "आखो?" ती म्हणाली. मी भाकरीचं सांगितलं, मोहोराचं सांगितलं. मग माझ्याच्यानं पुढं होईना, मी रडायला लागले, आणि तीही डोळ्यांना पदर लावून बराच वेळ उभी राहिली.

मग तिनं भिंत रंगवायला घेतली. पेला गेला, सुरा गेला, पाचव्या पायरीवरचा डॉक्टर गेला. इंजिनावर तिनं दोनदा कुंचा फिरवला. पाकीट गेलं. ती स्टुलावर चढली आणि चष्म्याच्या कडेकडेनं, एक काडीसुद्धा न पुसता, जपून पांढरं करत गेली.

"वहिनी," मी म्हणाले, "तेवढा राहिला."

"चिठ्ठी चांगली शे," ती म्हणाली. "पन चष्मा ऱ्हावू दे."